विसावी नोंद

शेवटच्या सहामाहीत नर्सिंगच्या पोरी कळा देणाऱ्या बाईकडे पाहतात, ते थांब्यावरच्या माणसाने येणाऱ्या बसकडे पाहावे तसे. आपली आहे की नाही, आत जागा आहे का, आपल्या आधी कोण चढणार. बाई टेबलावर ओठ चावत असते आणि या दाराशी कुजबुजत असतात, "हिला अजून किती वेळ?" "माझी एकोणीस झाली गं, ही मला दे ना." यात त्यांचा दोष नव्हता. नियमच तसा होता.

नियम होता विसाचा. स्वतःच्या हाताने वीस बाळंतपणे करायची, प्रत्येकाची नोंद केसबुकात लिहायची आणि खाली वॉर्डच्या सिस्टरची सही घ्यायची. वीस भरली की परीक्षा, परीक्षा झाली की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र मिळाले की नोकरी. एकोणीसवाली आणि शून्यवाली सारखीच. तिने पुढची सहामाही पुन्हा त्याच वॉर्डात काढायची.

त्या वॉर्डात मी एकतीस वर्षे आया होते. फरशी पुसायची, बाईला टेबलावर चढवायचे, पाणी पाजायचे, पाय धरायचे, वार बादलीत घालून न्यायची. बाळाला मात्र हात लावायचा नाही. सिस्टरने ते पुसून, तपासून, गुंडाळून हातात दिले तरच घ्यायचे. नव्या पोरींना कापसाचा डबा कुठे असतो हेही माहीत नसते, ते मी दाखवायचे. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लावून लावून चाळिशीनंतर मला वाचायलाही येऊ लागले होते. पण नियम म्हणजे नियम.

लेबर रूमच्या दारावर एक काळी पाटी होती. तिच्यावर पोरी खडूने आपापली नावे लिहायच्या. वरचीचा नंबर आधी. बाळंतपण झाले की ती खाली जायची. वीस पूर्ण झाली की पोरगी स्वतःचे नाव बाहीने पुसायची आणि बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. त्या महिन्यात पाटी भराभर रिकामी होत चालली होती. वसतिगृहात माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या होत्या. गणवेश खालच्या वर्गातल्या पोरींना देऊन झाले होते. गाद्यांखालून हरवलेले मोजे निघत होते आणि ते कुणाचे यावरून भांडणे होत होती. कुणी गावाला पत्र लिहीत होती, कुणी रडत होती. जिची नोकरी ठरली ती सगळ्यांत मोठ्याने बोलत होती.

शेवटी पाटीवर दोनच नावे उरली. एक वकील आणि दुसरी टाचणी.

वकील म्हणजे वाद घालण्यात पटाईत. नंबर चुकला की ती सिस्टरांनाही सोडायची नाही. टाचणी अंगाने काडी, अंबाडा घट्ट बांधलेला, त्यामुळे डोके गोल नि एवढेसे दिसायचे. पहिल्याच वर्षी कुणीतरी तिला टाचणी म्हटले आणि तेच राहिले. अभ्यासात ती पहिल्या तिघींत होती. मग मागे का? तर तिची एक खोड होती. नंबर तिचा असो वा नसो, ती बाईच्या उशाशी जाऊन उभी राहायची. बाई तिचे मनगट पकडायची आणि मग सोडायची नाही. ही तिच्या कपाळावरून हात फिरवत बोलत बसायची, आणि पायांकडे दुसरीच कुणीतरी बाळ झेलून मोकळी व्हायची.

"अगं बाई," वकील म्हणायची, "प्रमाणपत्र डोक्याकडचं मिळत नाही, पायाकडचं मिळतं."

"तिनं हात सोडला तर येईन ना मी पायाकडे."

"मग सोडवून घे. तुझाच हात आहे ना?"

"बघ ओढून एकदा. तुटेल, पण सुटणार नाही."

अशी तिची एकोणीस झाली आणि केसबुक जमा करायला आठ दिवस उरले. हत्ती गेला आणि शेपूट राहिले. दुसऱ्या गावच्या एका दवाखान्याचे पत्र तिच्या हातात होते, पहिल्या तारखेला प्रमाणपत्रासह हजर व्हा म्हणून. आईबाप नव्हते. थोरल्या बहिणीने वाढवले होते. ती एका कपड्यांच्या कारखान्यात उभी राहून दिवसभर इस्त्री करायची, आणि धाकटी नर्स झाली असे तिने कारखानाभर सांगूनही टाकले होते.

त्या दिवशी दुपारी एक बाई अडली. डॉक्टर आणि सिस्टर तिला घेऊन ऑपरेशनला गेल्या. वकीलही त्यांच्याबरोबर गेली. वॉर्डात राहिलो टाचणी आणि मी. एक बाई नुकतीच आलेली, तिला अवकाश होता. दुसरी गवंड्याची बायको. तिसरी खेप, सकाळपासून कळा. सकाळपासून तिने टाचणीचे मनगट धरून ठेवले होते. नंबर टाचणीचाच होता.

टाचणीने ट्रे तपासला आणि म्हणाली, "मावशी, क्लॅम्प संपलेत."

नाळेला लावायचा तो चिमटा. त्या दिवसांत त्यांचा तुटवडा होता. स्टोअरमधून एका वेळी चारच मिळायचे, तेही विद्यार्थिनीने रजिस्टरवर वेळ घालून सही केली तर. स्टोअर मागच्या इमारतीत, चालत आठ-दहा मिनिटांवर.

"जाऊन ये," मी म्हटले. "हिला अजून अर्धा तास सहज आहे."

"बाईला सोडून जाता येत नाही, मावशी."

"मग मी जाऊ? मला देणार आहे का तो? जा, पळ. अशा किती पाहिल्यात मी."

तिने बाईचा हात माझ्या हातात दिला आणि ती पळाली.

तिसऱ्या खेपेची बाई कुणाला विचारून बाळंत होत नाही. पंधरा मिनिटांत डोके दिसले. मी दारातून हाक मारली, कुणी नव्हते. परत येईपर्यंत खांदे बाहेर होते. मी झेलले. मुलगी होती. ओली, गरम आणि लगेच रडणारी. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी बाळ असे स्वतः घेतले होते. खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. नाळ जाड होती, माझ्या अंगठ्याएवढी, चकचकीत. ट्रेमध्ये उकळलेला दोरा होता. हजारदा पाहिले होते, तशीच दोन ठिकाणी गाठ मारली आणि मध्ये कापले. भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते.

टाचणी धापा टाकत आली. मुठीत चार क्लॅम्प.

"झालं?"

"झालं. मुलगी. चांगली खणखणीत रडली."

ती आधी बाईकडे गेली, बाळाकडे गेली, वार नीट पडली का ते पाहिले. सगळे झाल्यावर स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, ही माझी विसावी होती."

"होती काय? आहेच की. लिही."

"मी नव्हते."

"नंबर तुझा. बाई तुझी. सकाळपासून हात तुझा धरला होता तिनं. मी मध्येच येऊन झेललं एवढंच." मी पुढे म्हणाले, "आणि आयानं झेललं असं लिहिलंस तर उद्या मला घरी बसवतील. बघ बाई."

हे शेवटचे मी तिच्यासाठी बोलले नव्हते.

ती उठली. बाळाची नाळ पाहिली. "यावर क्लॅम्प लावते."

"राहू दे. चारच तर आणलेस. ती दुसरी बाई आहे, उद्या-परवा येणाऱ्या आहेत. माझी गाठ सुटत नसते."

तिने हात पुढे केला होता, तो मागे घेतला. मी तिच्या आईच्या वयाची. कापसाच्या डब्यापासून सगळे मीच दाखवलेले. ती मला कशी खोटी पाडणार?

मग तिने केसबुक उघडले. नाव, वेळ, वजन. नाळ कशाने बांधली या रकान्यात वरच्या एकोणीस ओळींत क्लॅम्प लिहिले होते. विसाव्या ओळीतही तिने क्लॅम्पच लिहिले. चारच्या सुमारास सिस्टर आल्या. बुटांवर रक्त, डोळे ओढलेले. त्यांनी उभ्याउभ्याच सही ठोकली. वकीलने टाचणीला उचलून गरकन फिरवले. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी मी टाचणीला बाळाची नाळ पाहताना पाहिले. "कोरडी आहे," ती म्हणाली. मी घरी गेले आणि छान झोपले.

जाड नाळ बाळंतपणानंतर सुकत जाते, बारीक होते. क्लॅम्प तिच्याबरोबर आवळत जातो. दोरा जिथल्या तिथे राहतो आणि सैल पडतो. म्हणून तो पुन्हा बांधायचा असतो. हे सिस्टर दरवर्षी पहिल्याच तासाला पोरींना शिकवायच्या. मी त्याच खोलीत फरशी पुसत असायचे. तीसेक वेळा तरी ऐकले असेल. पण ते वहीवाल्यांसाठी आहे, असे मला वाटायचे.

सकाळी मी कामावर आले तेव्हा बाळाला पुसायला घेतले होते. ते मेणासारखे झाले होते. वरचे कापड स्वच्छ होते आणि आतले कापड उचलताना जड लागले. डॉक्टर धावत आले, रक्त दिले, छातीवर दोन बोटांनी दाबत राहिले. पावणेअकराला त्यांनी बोटे काढली.

गवंड्याची बायको रडली नाही. तिने एवढेच विचारले, "थोडा वेळ घेऊ का?" आम्ही बाळ तिच्याकडे दिले. तिने ते बराच वेळ घेतले.

*

दुसऱ्या दिवशी टाचणी मला चादरींच्या खोलीत घेऊन गेली आणि तिने दार लोटले. डोळे कोरडे होते. रात्रभर तिने काय विचार केला असेल तो केला होता.

"चौकशी होणार आहे. प्राचार्य मॅडम, मोठे डॉक्टर आणि ऑफिसातले एक साहेब. मावशी, नीट ऐका. तुम्ही दुसऱ्या बाईपाशी होतात. दोरा मी बांधला."

"वेडी आहेस का तू? मी सांगते ना खरं काय ते."

"खरं सांगून काय होईल? निष्काळजीपणाला शिक्षा एक सहामाही. खोट्या नोंदीला शिक्षा नाव कमी. कायमचं. पुन्हा कुठल्याच कॉलेजात घेत नाहीत. मी नियमांचं पुस्तक वाचलंय."

"अगं, पण बाळ माझ्या हातून..."

"माहीत आहे कुणाच्या हातून." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. मग ती सावरली. "सहा महिने जातील. पुन्हा वीस करीन. त्या दवाखान्याला कळवीन, थांबले तर थांबले. तुम्ही फक्त गप्प राहा, मावशी. एवढंच मागते."

एवढेच मागत होती. आणि ते मला किती सोयीचे होते, हे मला त्याही वेळी कळत होते.

चौकशीत तिने ठरल्याप्रमाणे सांगितले. क्लॅम्प नव्हता म्हणून दोरा बांधला, लिहिताना सवयीने क्लॅम्प लिहिले, पुन्हा बांधायचे राहून गेले. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "तू तर हुशार मुलगी. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." मला विचारले तेव्हा मी म्हटले, "दुसऱ्या बाईपाशी होते." माझ्याकडे कुणी नीट पाहिलेही नाही. आयाचे बोलणे कोण तपासून पाहतो?

सिस्टरांनी मात्र पाहिले होते. मी बादल्या धूत होते तिथे त्या येऊन उभ्या राहिल्या.

"स्टोअरच्या रजिस्टरात तिची सही दोन पस्तीसची आहे. इथं बाळ दोन चाळीसला झालं. ती काय उडत आली?"

माझ्या हातातला ब्रश थांबला. "सिस्टर, मी सांगते..."

"मी विचारलं नाही, मावशी. सांगितलं. ते रजिस्टर अजून कुणी मागितलेलं नाही." आणि त्या गेल्या. न पाहता केलेली सही त्यांचीही होती. एकाच माळेचे मणी आम्ही तिघी.

एक सहामाही मागे, असा निर्णय झाल्याचे शिपायाकडून कळले. कागद शनिवारी निघणार होता. टाचणीने बहिणीला फोन करून सांगितले की परीक्षा थोडी पुढे गेली आहे. वर्गातल्या बाकीच्या पोरी वीस भरून, परीक्षा देऊन एकेक करून निघून गेल्या. वकील गेली त्या दिवशी दारात घुटमळली. सवयीने म्हणाली, "पुढच्या वेळी तरी पायाकडे उभी राहा गं." आणि बोलल्यावर तिलाच कसेसे झाले. टाचणीने तिची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.

*

शुक्रवारी दुपारी गवंड्याची बायको आली. मृत्यूचा दाखला न्यायला आली होती. एकटीच. दाखला तिला मिळाला, तो तिने घडी करून मुठीत धरला होता. पण ती बाहेर न जाता वॉर्डात आली. अंगावरचे दूध अजून आटले नव्हते. छातीवरचा कपडा दोन्हीकडे ओला होता.

"जिनं बाळाची नाळ बांधली ती कुठाय?" तिने विचारले.

टाचणी औषधांच्या कपाटापाशी होती. ती पुढे आली. "मी."

"तू?" बाईला ते खरे वाटेना. "तू तर माझा हात धरून होतीस."

"हो."

"दिवसभर मला ताई ताई करत होतीस."

"हो."

"आणि नाळ तूच बांधलीस?"

मी बादली घेऊन चार पावलांवर उभी होते. टाचणीने माझ्याकडे पाहिले नाही. एवढेसुद्धा नाही.

"हो," ती म्हणाली.

बाई तिच्या तोंडावर थुंकली. वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरच्या माना वळल्या. बाई वळून निघाली. टाचणी तशीच उभी राहिली आणि हात पुढे करून म्हणाली, "मावशी, जरा फडकं द्या."

मी तिला फडके दिले. बादली तिथेच ठेवली आणि त्या बाईच्या मागे गेले.

फाटकाजवळच्या बुटक्या भिंतीपाशी मी तिला गाठले. वाटेत काही ठरवले नव्हते. तोंड उघडले आणि बाहेर पडले. "ती पोरगी नव्हती तिथं. चिमटा आणायला गेली होती. तिला मीच पाठवली. बाळ मी घेतलं, नाळ मी बांधली. ती चिमटा लावत होती, मी नको म्हटलं."

ती माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहत होती.

"मी डोळे मिटले होते," ती म्हणाली. "पण हात खरखरीत लागले होते. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, कामाचे हात आहेत."

ती मला मारेल असे वाटत होते. मारले असते तर बरे झाले असते.

"मग ती हो का म्हणाली?"

"तिची परीक्षा आहे. शिवाय माझ्यासाठी..."

"परीक्षेसाठी कुणी असं हो म्हणतं का?" ती भिंतीला टेकली. "मी थुंकले तिच्यावर. आईबापाची पोर असेल ती कुणाच्या तरी."

मी तिला पुढचे सांगायला हवे होते. नोंदीचे, नाव कमी होण्याचे, ती का हो म्हणाली त्याचे. नाही सांगितले. सांगायचे ते माझे मी सांगून झाले होते. ती वळून पुन्हा आत गेली तेव्हा मला वाटले, वॉर्डात जाऊन पोरीची माफी मागेल. मी भिंतीवर बसले. खूप दिवसांनी छातीभर श्वास आला. तिथे बसून मी नुसता श्वास घेत होते.

ती वॉर्डात गेली नव्हती. ती सरळ प्राचार्य मॅडमच्या खोलीत गेली होती. शिपायाने नंतर सांगितले, तिने हात जोडून म्हटले, "त्या पोरीवरचा आळ काढा. ती तिथं नव्हतीच. आयानं केलं सगळं, तिनंच मला सांगितलं. पोर विनाकारण भोगते आहे. तिला सोडवा."

चांगले करायला गेली होती बिचारी. प्राचार्य मॅडमनी तिला पाणी दिले, तिचे आभार मानले आणि ती गेल्यावर स्टोअरचे रजिस्टर मागवले. सही दोन पस्तीसची. केसबुकात वेळ दोन चाळीसची, आणि त्यापुढे टाचणीच्या वळणदार अक्षरात, 'बाळंतपण स्वतः केले.'

शनिवारी कागद निघाला, तो दुसराच निघाला. खोटी नोंद केल्याबद्दल नाव कमी. मला त्याच दिवशी कामावरून काढले. सिस्टरांना दुसऱ्या वॉर्डात पाठवले.

*

रविवारी सकाळी मी वसतिगृहात गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत चार खाटा. तीन उघड्या, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. चौथ्या खाटेवर टाचणीची ट्रंक उघडी होती. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"कशाला आलात, मावशी?"

"म्हटलं, मदत करावी."

"झाली की मदत."

मी दारातच उभी राहिले. तिने बसा म्हटले नाही. मीच म्हणाले, "तिला खरं कळायला हवं होतं गं. तिचं लेकरू होतं."

"हो. हवं होतं." ती एका सदऱ्याच्या बाह्या आत घेत होती. "पण तुम्ही ते तिला कळावं म्हणून सांगितलंत, की तुम्हाला झोप लागत नव्हती म्हणून?"

मी हात पदराखाली घेतले.

"परवा रात्री झोप लागली?"

"लागली," मी म्हटले. तिच्याशी आता आणखी खोटे बोलण्यात अर्थ नव्हता.

तिने मान हलवली, जणू तेवढेच विचारायचे होते. पुस्तके ट्रंकेच्या तळाशी घातली होती, ती तिने पुन्हा बाहेर काढली आणि खिडकीत ठेवली. खालच्या वर्गातल्या कुणीतरी नेतील म्हणाली.

"ती आली होती काल," ती एकदम म्हणाली. "इथं, खोलीवर. पाय धरायला निघाली होती माझे. मी धरू दिले नाहीत. म्हणाली, मी सगळं सांगून आले वर, आता तुझी परीक्षा होईल ना?"

"मग? काय सांगितलंस तू?"

"म्हटलं, हो ताई. होईल."

खाली रस्त्यावर कुणीतरी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. टाचणीने खिडकीतून हात दाखवला. जिना चढून थोरली बहीण आली. ही रुंद हाडाची, हसऱ्या तोंडाची. इस्त्रीच्या वाफेने दोन्ही हातांची कातडी ताणून चमकत होती. खांद्यावर रिकाम्या पिशव्या होत्या.

"केवढे जिने गं बाई! तीन वर्षं तू हे रोज चढत होतीस? आणि काल फोनवर नुसतं ये म्हणालीस, मी घाबरलेच. म्हटलं, आजारीबिजारी पडली की काय." तिने बहिणीच्या गालाला हात लावून पाहिला. मग मला पाहून थांबली. "मावशी म्हणजे तुम्हीच ना? हिच्या तोंडी सारखं तुमचंच. मावशींनी हे दाखवलं, मावशींनी ते सांगितलं. परक्या ठिकाणी माझ्या पोरीला तुम्ही सांभाळलंत, देव तुमचं भलं करो."

मी टाचणीकडे पाहिले. ती ट्रंकेची कडी लावत होती.

"परीक्षा कधी आहे मग? पुढच्या महिन्यात?" बहिणीने विचारले. "आणि सामान सगळंच का नेतेस? परत यायचंय ना?"

"चल ताई. खाली बोलू. गाडी चुकेल."

मी ट्रंकेचा एक कान धरायला पुढे झाले. टाचणी म्हणाली, "नको मावशी, जड नाही." आणि दोघींनी दोन बाजूंनी ट्रंक उचलली. थोरली जाताजाता मला म्हणाली, "प्रमाणपत्र घ्यायला येऊ तेव्हा तुमच्याकडे येते हं. घरचं काहीतरी करून आणते."

त्या जिना उतरू लागल्या. मी त्या खोलीत उभी होते. थोरलीचे बोलणे ऐकू येत होते, कारखान्यातल्या कुणाचे तरी लग्न, कुणी तिला काय विचारले, तिने काय उत्तर दिले. ट्रंक मधूनमधून भिंतीला घासत होती. दुसऱ्या मजल्यावर टाचणीचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. थोरलीचे बोलणे थांबले. ट्रंक खाली ठेवल्याचा आवाज झाला.

त्यानंतर बराच वेळ पावले वाजली नाहीत.